शब्दचर्चा: विंडोजचं वर्चस्व की मक्तेदारी?

प्रश्न: मायक्रोसॉफ्टचे माजी सीईओ स्टीव्ह बाल्मर यांच्या कारकिर्दीवर लिहितोय. विंडोजचं ‘वर्चस्व’ म्हणू की ‘मक्तेदारी’? आणि ते ‘निवृत्त’ झाले की ‘पायउतार’?

उत्तर: वर्चस्व बाजारातल्या वाट्यावरून दिसतं. मक्तेदारीत दुसऱ्याची वाट अडवण्याचं बळ असतं. मक्ता म्हणजे इजारा: सरकारात ठरलेली रक्कम भरायची, मग वसुली आपली एकट्याची. मायक्रोसॉफ्टला असा मक्ता कुणी दिलाच नव्हता, म्हणून काही जण या शब्दाला नाक मुरडतात. मला मात्र तो चपखल वाटतो. संगणक बनवणाऱ्या अनेक कंपन्यांशी त्यांचा करारच असा असे, की विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायचे, मग त्यात मायक्रोसॉफ्टची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम असो वा नसो. दुसऱ्या कुणाची प्रणाली घालायची तर दोनदा खर्च. ही इजारदाराचीच वसुली झाली की! १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी तडजोड झाली, तेव्हा हे कलम सुटलं.

पण सरसकट ‘संगणक क्षेत्रात मक्तेदारी’ लिहू नका. नोव्हेंबर १९९९ मध्ये, मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या अमेरिकी सरकारच्या खटल्यात, न्यायाधीश जॅक्सन यांनी मक्तेदारी मान्य केली ती इंटेल-सुसंगत (इंटेलच्या प्रोसेसरशी जुळणाऱ्या) पीसींच्या ऑपरेटिंग सिस्टिमपुरती. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा त्यांचा आदेश २००१ मध्ये अपिलात रद्द झाला, मक्तेदारीचा निष्कर्ष टिकला. स्मार्टफोनच्या बाबतीत तर वर्चस्व हा शब्दही शोभणार नाही.

‘पायउतार’ जपून वापरा. त्यात ‘जावं लागलं’ अशी छटा आहे. सरकारं पायउतार होतात. ऑगस्ट २०१३ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी, बाल्मर यांनी वर्षभरात निवृत्त होणार असं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांच्या जागी सत्या नाडेला आले. दबाव होता असं म्हणायचं असेल तर तसं सरळ लिहा आणि पुरावा द्या. एका क्रियापदाआड लपू नका.

आणखी एक उत्तर: वरच्या उत्तराशी सहमत, फक्त ‘निवृत्त’च्या आधी ‘कशातून’ तेही येऊ द्या. बिल गेट्स २००८ मध्ये निवृत्त झाले असं सर्रास छापलं जातं. ते बाहेर पडले रोजच्या कामातून. संचालक मंडळाचं अध्यक्षपद २०१४ पर्यंत त्यांच्याकडेच होतं, आणि मंडळ सोडलं ते थेट २०२० मध्ये.