असईचा शिपाई कोणत्या पुराव्यावर रंगवावा? प्लास्टिकच्या ऐतिहासिक सैनिकांतील फेरफारांविषयी चर्चा

कुंचला (चर्चाप्रस्ताव; सर्व सहभागींची नावे टोपणनावे आहेत)

टेबलावर मांडायच्या ऐतिहासिक युद्धखेळांसाठी लागणारे २८ मिलिमीटर मापाचे सैनिक आता मोठ्या प्रमाणावर कडक पॉलिस्टायरीनमध्ये मिळतात. डोके, हात, बंदूक, पाठीवरची पिशवी असे भाग चौकटीतून सुटे कापून घ्यायचे असतात आणि पातळ सिमेंट (म्हणजे प्लास्टिक जोडण्याचा द्रव) प्लास्टिकचा पृष्ठभागच विरघळवून ते भाग एकजीव करते. त्यामुळे एका पेटीतले डोके दुसऱ्या पेटीतल्या धडावर बसवणे अगदी सोपे झाले आहे. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या, मऊ पॉलिथिनच्या सैनिकांना गोंद नीट धरत नसे आणि रंगाचे पोपडे निघत, म्हणून बहुतेक जण ते होते तसेच स्वीकारत. नवी सोय आल्यापासून फेरफार करण्याआधी आधार विचारण्याची सवय सुटत चालली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरण आपल्या भूमीतलेच घेतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असईजवळ, दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी (त्यांच्या एकत्रित दलाला कंपू म्हणत) ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीच्या, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या, फौजेसमोर उभ्या राहिल्या. या पलटणींची तयार प्लास्टिक पेटी सहज मिळत नाही. म्हणून स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेतील ब्रिटिश पायदळाचे धड घ्यायचे, सुदानमधील महदी या धर्मनेत्याच्या सैनिकांच्या पेटीतले फेटा बांधलेले डोके त्यावर चिकटवायचे, डगल्याला मनाला येईल तो रंग द्यायचा आणि छायाचित्राखाली ‘शिंद्यांचा कंपू’ असे लिहायचे, हा प्रकार मला मुळीच मान्य नाही. महदीचे सैनिक १८८० च्या दशकातले आहेत आणि त्यांच्या फेट्याची बांधणी वेगळी आहे. असे छायाचित्र एकदा पसरले की पुढचा रंगवणारा त्यालाच पुरावा मानतो आणि दोन-तीन पिढ्यांच्या नकलांनंतर मूळ चूक शोधणेही अवघड होते.

या छंदाला कष्टाळू अभ्यासाची परंपरा आहे. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्यासाठी १८३० मध्ये ला ए सेंत या शेतवाडीत सुमारे आठ महिने राहून जमिनीची मोजणी केली आणि लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून त्यांच्या तुकड्या नेमक्या कोठे उभ्या होत्या हे विचारले. सुमारे ७५,००० लहान धातूच्या सैनिकांची ती प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाली. माझा आग्रह एवढाच आहे की जिथे आधार आहे तिथेच फेरफार करावा, आणि आधार अगदीच तोकडा असेल तर ती फौज करण्याचा मोह आवरावा.

कंपू

आपली तळमळ मला समजते, परंतु आपल्या नियमाचा परिणाम काय होईल, याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. वॉटर्लूच्या ब्रिटिश पलटणींविषयी सर्व काही नोंदलेले आहे. २८ व्या पलटणीच्या कॉलरचा आणि बाहीच्या पट्टीचा रंग पिवळा, ७३ व्या पलटणीचा गडद हिरवा, २७ व्या पलटणीचा फिकट बदामी, अशी माहिती कोणालाही मिळते. शिंद्यांच्या कंपूंसाठी अशी तपशीलवार छापील नियमावली उपलब्ध नाही. म्हणजे आपला नियम लावला तर ज्यांनी कागद जपले त्यांचीच फौज टेबलावर येईल, आणि असईच्या लढाईत वेलस्लीसमोर मोकळे मैदान राहील. पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखालचे कंपू, सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी, नागपूरकर भोसल्यांचे सैन्य, या सगळ्यांना केवळ नोंदी अपुऱ्या आहेत म्हणून वगळणे हाही इतिहासाचा विपर्यासच होय, आणि तो अधिक मोठा आहे.

सायबोर्नचे उदाहरण आपण अर्धेच दिले आहे. त्याने प्रतिकृतीसाठी १८ जून १८१५ च्या संध्याकाळी सातच्या सुमाराचा क्षण निवडला आणि गोळा केलेल्या साक्षींनुसार प्रशियन सैन्य रणभूमीवर बरेच पुढे आलेले दाखवले. विजयाचे श्रेय मित्र प्रशियनांकडे जाते म्हणून वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचले नाही आणि अखेरीस सायबोर्नला प्रशियन सैनिकांचा मोठा भाग प्रतिकृतीवरून काढून टाकावा लागला. आज लंडनच्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयात असलेली ही प्रतिकृती इतक्या पुराव्यानंतरही वादाबाहेर राहिली नाही. तेव्हा पुरावा गोळा करणे आणि निवड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी कोणालाच टाळता येत नाही.

पेटीतील ‘मूळ’ सैनिकही कोणाची तरी निवडच असते. वॉटर्लूच्या आदल्या दिवशी आणि रात्रभर मुसळधार पाऊस पडला होता. अनेक ब्रिटिश सैनिकांच्या शाकोंवर (उंच नळकांड्यासारख्या लष्करी टोप्यांवर) मेणकापडी आवरणे होती आणि नेपोलियनच्या निवडक दलाचे, म्हणजे फ्रेंच शाही गार्डचे, शिपाई जाड ओव्हरकोट घालून अखेरच्या हल्ल्याला गेले. असे असूनही पांढरेशुभ्र पट्टे आणि उंच तुरे मिरवणारे गार्ड सर्रास रंगवले जातात आणि त्यांना कोणी आधार विचारत नाही. मराठा शिपायाला मात्र दाराशीच अडवले जाते.

तोफखाना

आपण दोघेही डगल्यात अडकला आहात. असईला ब्रिटिशांनी ९८ तोफा ताब्यात घेतल्या आणि त्यांची हानी मारले गेलेले, जखमी व बेपत्ता मिळून दीड हजारांच्या वर गेली. त्यांच्या ७४ व्या पलटणीची तर अक्षरशः वाताहत झाली. हे मुख्यतः तोफांनी केले. ज्यांना फेरफार करायचा आहे, त्यांनी आधी तोफगाडे, बैलजोड्या आणि गोलंदाज (तोफा डागणारे शिपाई) करावेत. एका पुतळ्याने वीस-तीस माणसे दाखवायची असतील तर कॉलरच्या रंगापेक्षा तोफांची रांग किती लांब दिसते, यावर लढाईचे खरेपण अधिक अवलंबून असते.

कुंचला

तोफांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यामुळे मूळ प्रश्न सुटत नाही, कारण तोफेमागे उभ्या असलेल्या गोलंदाजालाही काहीतरी नेसवावेच लागते.

‘कंपू’ यांच्या आक्षेपातील एक भाग मला पटतो. नोंदी कोणाच्या जपल्या गेल्या हा सत्तेचा प्रश्न आहे आणि त्याची शिक्षा हरलेल्या बाजूला होऊ नये. परंतु ढिलाई दोन्ही बाजूंना होते, हे त्यांनीही पाहावे. असईच्या ब्रिटिश फौजेसाठी लोक तीच स्पेनच्या मोहिमेची पेटी जशीच्या तशी वापरतात. त्या काळी हिंदुस्थानातील गोरे शिपाई उन्हासाठी गोल काठाची टोपी वापरत, उंच शाको नव्हे. वेलस्लीच्या पायदळात गोऱ्यांच्या दोनच पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी, दोन्ही हायलँडर (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या); उरलेले बहुसंख्य पायदळ मद्रासच्या देशी शिपायांचे होते, ज्यांच्या अंगात लाल डगला आणि खाली मांड्यांपर्यंतची चड्डी असे. लांब विजार घातलेल्या, शाको चढवलेल्या गोऱ्यांनी भरलेली असई मांडली की ती लढाई कोणी कोणाविरुद्ध केली, हेच पाहणाऱ्याला चुकीचे कळते. इथे पुरावा भरपूर आहे, तरी फेरफाराचा कंटाळा केला जातो. मराठ्यांच्या बाजूला पुरावा कमी आहे, तिथे मात्र हवा तसा फेरफार होतो. माझी तक्रार या उफराट्या क्रमाविषयी आहे.

रंगपेटी

चर्चा वस्त्रांच्या आकारावर झाली. रंगाविषयी थोडे सांगतो, कारण तिथे ‘पुरावा असेल तेवढेच’ हा नियम मुळातच टिकत नाही. ब्रिटिश शिपायाचा डगला मंजिष्ठेच्या लालीचा, काहीसा विटकरी. अधिकाऱ्याचा कोचिनीलच्या किड्यापासून केलेला, महाग आणि भडक. हे ज्ञात आहे. पण काही महिने दख्खनच्या उन्हात आणि पावसात चालल्यावर त्या मंजिष्ठेचे काय झाले असेल, हे कोणत्याही नियमावलीत नसते. शिवाय २८ मिलिमीटरच्या पुतळ्यावर खऱ्या कापडाचा रंग हुबेहूब लावला तर तो हातभर अंतरावरून काळपट दिसतो, म्हणून आपण तो जाणूनबुजून उजळ करतो. घड्यांत पातळ गडद रंग सोडतो, उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याने फिकट छटा ओढतो, पट्टा आणि डगला यांच्यामध्ये काळी रेघ सोडतो. खऱ्या माणसाच्या अंगावर अशी रेघ कधीच नव्हती. तरीही ती नसेल तर पुतळा वाचता येत नाही.

म्हणून मी ‘कुंचला’ यांच्याशी असहमत आहे. पुतळा हा पुराव्याची नक्कल नसतो. पुराव्याच्या आधारे केलेले ते चित्र असते, आणि चित्रकाराने धारिष्ट दाखवले नाही तर चित्र मरते. सुदानी फेट्याचे डोके मीही वापरले आहे; मात्र त्यावर दोन घटकांची एपॉक्सी लांबी (पुट्टी) चढवून, ती सुकण्याआधी ओल्या सुईने पिळांच्या ओळी नव्याने ओढल्या आहेत. हिरवी परदेशी लांबी मिळाली नाही तर दुकानातील एम-सीलही चालते, फक्त ती भरभर घट्ट होते आणि बारीक धार तितकी छान धरत नाही. एवढे केल्यावर तो फेटा सुदानी राहत नाही.

कंपू

‘रंगपेटी’ यांनी सांगितलेली लांबीची पद्धत मी सर्वांना सुचवेन, कारण त्यात तयार डोक्याचा आळस उरत नाही. ‘कुंचला’ यांचा ब्रिटिश फौजेविषयीचा आक्षेपही मला पूर्ण मान्य आहे; देशी शिपायांविना असई मांडणे मलाही खटकते.

तरीही आधार तोकडा असेल तर फौज करूच नये, हे मी स्वीकारणार नाही. त्याऐवजी अंदाज कुठे आहे, हे कामातूनच दिसेल असे करावे. माझ्या पलटणीत सर्वांना एकसारखा डगला देण्याऐवजी मी तीन-चार जवळच्या छटा वापरतो, काही शिपायांना साधा पांढरा अंगरखा देतो आणि पट्ट्यांचे चामडे काळे व तपकिरी असे मिसळतो. एकसारखेपणा हा माझ्याजवळ नसलेल्या नियमावलीचा दावा ठरेल, म्हणून मी तो टाळतो. बंदूक, संगीन आणि रांगेची शिस्त मात्र सर्वांची सारखीच ठेवतो, कारण त्या पलटणी युरोपीय पद्धतीने कवायत केलेल्या होत्या, याविषयी दोन्ही बाजूंची साक्ष आहे.

कुंचला

अशा पलटणीला माझा विरोध नाही. एक अट मात्र मी ठेवीन: तळपट्टीच्या खालच्या बाजूस, डोके कोणत्या पेटीतले, धड कोणत्या पेटीतले आणि कोणता रंग अंदाजाचा, हे बारीक अक्षरांत लिहावे, आणि छायाचित्र देताना तोच मजकूर सोबत द्यावा.

कंपू

मजकूर छायाचित्रासोबत द्यायला माझी तयारी आहे. तळाशी लिहिण्याची अट मात्र ब्रिटिश बाजूच्या पुतळ्यांनाही लागू करा. ७८ व्या पलटणीच्या डोक्यावरची टोपी कोणत्या पेटीतून आली, हेही मग तिथे वाचायला मिळू द्या.