एकांत, एकटेपणा, एकाकीपणा : कुठे काय लिहावं?

अनुवादकी : ज्येष्ठांसाठीचं एक पत्रक इंग्रजीतून मराठीत आणतेय. त्यात दोन गोष्टी वेगळ्या काढल्यात : आपणहून, मजेत एकटं असणं, आणि माणसं तुटल्याने पोखरणारं एकटं असणं. पहिल्याला मी 'एकांत' लिहिलं. तपासणाऱ्या ताईंनी ते खोडलं. म्हणे, धुळ्याकडच्या आज्यांना एकांत म्हटलं की नवरा-बायकोच आठवतात! हसले, पण अडलेच. तुम्ही काय लिहाल?

शुद्धबोध : एकांतच. तुकोबा 'येणें सुखें रुचे एकांताचा वास' म्हणतात, त्यात नवरा-बायको कुठे आले? दुसऱ्याला एकाकीपणा. मिटलं.

पारोळेकर : कसलं मिटलं? एकांत हा आधी जागेचा शब्द. 'जरा एकांतात या, बोलायचंय' म्हणतो तेव्हा निदान दोघं असतात. एकटेपणा मात्र भर मांडवात गाठतो. आणि एकाकी? गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगी 'रहसि स्थितः', 'एकाकी' आहे. तो काही रडत बसलेला नाही. एकाकीला रडवेलं आपण केलं.

शुद्धबोध : संस्कृतातला अर्थ मराठीवर लादू नका.

पारोळेकर : हे तुम्ही सांगताय! मोबाईलला भ्रमणध्वनी म्हणणारे!

शिंदखेडा एसटी : रब्बीत रात्रीची लाईट असली की वडील हरभऱ्याला पाणी भरायला एकटेच जायचे. बॅटरी, काठी, खिशात तंबाखू. पाणी फुटलं की फावड्याने माती ओढायची, बारं बदलायचं, मग विहिरीच्या थारोळ्यावर बसून राहायचं. भीती नाही वाटत का विचारलं तर म्हणायचे, 'तठे बरं वाटस, कोनी काही इचारत नही.' आजीचं उलटं. आखाजी सरून आत्या सासरी गेल्या की घरात आम्ही पोरं असूनही 'घर खावाले उठस' म्हणायची. दोघांनाही तुमचा एकही शब्द लागला नाही.

अनुवादकी : जिभाऊ, 'घर खायला उठतं तेव्हा' हे शीर्षकच देऊ का? दुसऱ्या अर्थाचं काम झालं. पहिला अजून अधांतरी.

भुसावळ जंक्शन : 'करमत नाही' कसं विसरलात? करमणे हे रमणेतूनच आलंय. बृहदारण्यकात आहेच, 'एकाकी न रमते'.

शुद्धबोध : ओढूनताणून. करमणे क्रमणवरून. काळ क्रमणे, कालक्रमणा, करमणूक. वेळ सरकत नाही म्हणून करमत नाही. तुमच्या रमण्याला 'क' कुठून चिकटला?

भुसावळ जंक्शन : चिकटला कुठून तरी. अर्थ जुळतो ना!

सातपुड्याची : एक बघा. एकटा पुरुष सडाफटिंग असतो, एकांडा शिलेदार असतो. शब्दांनाच मिशा आहेत. एकटी बाई नुसती 'एकटी', फार तर मागे 'बिचारी'. मी नोकरीसाठी नंदुरबारला एकटी राहते. संध्याकाळी दार लावून, पाय खुर्चीवर टाकून चहा घेते तेव्हा मी मजेत असते. नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू डबा घेऊन येतात, 'तुला करमत नसेल गं'. डबा ठेवून घेते, त्यांच्या भरताला तोड नाही. पण त्या मजेला शब्द द्या.

पारोळेकर : निवांतपणा.

सातपुड्याची : निवांत म्हणजे हातात काम नसणं. माझ्या मांडीवर तपासायचे पेपर असतात.

शुद्धबोध : आत्मरत.

शिंदखेडा एसटी : काकूंना 'मी आत्मरत आहे' सांगितलं तर डबा बंद होईल.

सातपुड्याची : मैत्रिणी सरळ 'मी-टाइम' म्हणतात.

शुद्धबोध : मग मराठीवर चर्चा कशाला करायची?

पारोळेकर : टेबल, बटण पचवलं, तेही पचेल.

अनुवादकी : मंडळी, पत्रक सोमवारी छापायला जातंय…

भुसावळ जंक्शन : ते होईल हो. आधी सांगा, एकलकोंडामधला कोंडा कोणता? कोंडून घेतलेला की धान्याचा?

पारोळेकर : कोंडून घेतलेला. उघड आहे.

शिंदखेडा एसटी : धान्याचाच. सुपात पाखडलं की एका बाजूला जाऊन पडतो.

शुद्धबोध : कोशातला आधार द्या.

शिंदखेडा एसटी : सूप आणू का?