शब्दचर्चा : 'मानसोपचार' आणि त्याच्या पोटातले प्रकार

मुक्ता
एका माहितीपत्रकाचं मराठीकरण चालू आहे. मूळ पत्रकात सायकोथेरपीचे प्रकार या क्रमाने आहेत : सायकोॲनालिसिस, बिहेवियर थेरपी, सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी), ग्रुप थेरपी, फॅमिली थेरपी, हिप्नोसिस, प्ले थेरपी, ब्रीफ थेरपी, काउन्सेलिंग. मथळा 'मानसोपचाराचे प्रकार' असा चालेल का? आणि सगळ्यांना शेवटी '-उपचार' लावायचं की '-चिकित्सा'?

श्री. वा.
मथळ्यातच घोळ आहे. 'मानसोपचार' मराठीत दोन मापांनी वापरतात. पाठ्यपुस्तकात तो सायकोथेरपीसाठी येतो. दवाखान्याच्या पाटीवर 'मानसोपचारतज्ज्ञ' असतं ते एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेल्या डॉक्टरसाठी. गोळ्या, इंजेक्शनं, विद्युतोपचार, सगळंच लोकांच्या लेखी मानसोपचार. (ज्याला अजूनही 'शॉक देणे' म्हणतात तो विद्युतोपचार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय करायला 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे. पत्रकात त्याचा उल्लेख येणार असेल तर हे कंसात जरूर घाला.)

या दुहेरी मापाचा तोटा वाचकाला होतो. तो पत्रक वाचून मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, चिठ्ठी घेऊन बाहेर येतो आणि 'थेरपी करून पाहिली, गुण नाही' म्हणतो. उलट बाजूने, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊन गोळ्या मागतो. या मंडळींची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांना नाही. म्हणून मथळ्यात सरळ 'सायकोथेरपीचे प्रकार' लिहा आणि खाली एका ओळीत फोड करा : 'बोलण्यातून आणि ठरवून दिलेल्या सरावातून होणारा मानसोपचार'. 'संवादोपचार' हा शब्द मोहात पाडतो, पण खेळातून उपचार घेणारं चार वर्षांचं मूल त्यात बसत नाही.

'-चिकित्सा' नको. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर; आपल्याकडे चिकित्सक म्हणजे भाजी घेताना प्रत्येक वांगं उलटून बघणारा.

अस्मिता
शब्दांच्या आधी यादी तपासा, मुक्ताताई. मूळ यादीच कच्ची आहे. तिच्यात चार वेगवेगळ्या निकषांचे प्रकार एका ओळीत बसवलेत. मनोविश्लेषण, वर्तनोपचार आणि सीबीटी हे सिद्धांतावरून पडलेले भेद : त्रास कशामुळे टिकून राहतो याचं प्रत्येकाचं उत्तर वेगळं. गट आणि कुटुंब हे समोर कोण बसलंय यावरून. ब्रीफ हे मुदतीवरून. संमोहन तर संप्रदाय नव्हेच, ते तंत्र आहे. मनोविश्लेषणाच्या आधीपासून वापरात आहे आणि वेगवेगळ्या पद्धतींचे लोक ते वापरतात. त्यामुळे एकच उपचार एकाच वेळी 'सीबीटी', 'गटातला' आणि 'अल्पमुदतीचा' असू शकतो. वाचकाला मात्र यादी पाहून वाटतं की नऊपैकी एक निवडायचा.

यांखेरीज आणखी एक निकष जुन्या पुस्तकांत सापडतो, लुईस वोल्बर्ग या मनोविकारतज्ज्ञांचा, उपचार किती खोल जातो यावरून केलेला : आधार देणारा, पुन्हा शिकवणारा आणि मुळापासून पुनर्रचना करणारा. समुपदेशनाची जागा ठरवायला तो अजून उपयोगी पडतो. नोकरी गेली, घटस्फोट झाला, करिअर ठरत नाही, अशा वेळी आधार आणि मार्ग शोधायला मदत, हे समुपदेशनाचं मुख्य क्षेत्र. मंत्रचळ (एकच कृती पुन:पुन्हा करायला लावणारा विकार, ओसीडी) किंवा वारंवार उलटणारं नैराश्य असेल तर ती सायकोथेरपीची बाब. सीमा पुसट आहे, हे मान्य. बोलताना तर लोक दोन्हीला 'काउन्सेलिंग'च म्हणतात, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीलाही तेच.

मांडणी अशी करा : आधी सिद्धांतावरून गट, मग वेगळ्या परिच्छेदात 'हे एकट्याने, जोडीने, कुटुंबासह किंवा गटात घेता येतात', मग मुदत. मुदतीला आकडे द्या, नुसतं 'अल्प' लिहू नका. सीबीटी साधारण 12 ते 20 सत्रं, आठवड्याला एक. आंतरव्यक्तिक उपचार (नात्यांतल्या अडचणींवर काम करणारा) 12 ते 16. अभिजात मनोविश्लेषण आठवड्याला चार-पाच सत्रं आणि तेही काही वर्षं. सत्र 45 ते 50 मिनिटांचं.

मुक्ता
यादी मोडून नव्याने मांडते. सीबीटीतल्या 'सी'चं काय करू? 'संज्ञानात्मक' लिहिलं होतं.

श्री. वा.
'संज्ञानात्मक' हिंदी पुस्तकांतून येतं. मराठीत 'बोधनिक' आणि 'बोधात्मक' दोन्ही चालतात. मी 'बोधनिक' निवडीन. 'बोधात्मक' म्हटलं की बोधकथा आठवते आणि तात्पर्य ऐकायची तयारी होते. 'समुपदेशन'चंही तेच दुखणं, आत 'उपदेश' दडलेला. पण तो शब्द आता इतका रुळलाय की बदलू नये. पत्रकासाठी 'विचार-वर्तन उपचार (सीबीटी)' हे सगळ्यात सोपं, आणि पुढे सगळीकडे नुसतं 'सीबीटी'. 'वर्तणूक' टाळा. शाळेच्या दाखल्यावरची 'वर्तणूक चांगली' डोळ्यासमोर येते.

अस्मिता
'विचार-वर्तन'ला माझी हरकत नाही, फक्त 'सकारात्मक विचार' हा शब्दप्रयोग जवळपास येऊ देऊ नका. सीबीटीत विचार सकारात्मक करत नाहीत, तपासतात. विचारनोंदीत प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार, भावना आणि तिची तीव्रता, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा आणि मग जास्त नेमका पर्यायी विचार असे रकाने असतात. रुग्ण पहिल्याच आठवड्यात अडकतो तो विचार आणि भावना यांत. 'मला वाटलं की ती माझ्यावर चिडली' हा विचार आहे, भावना नव्हे. मराठीत दोन्हीला 'वाटणं' म्हणतात, त्यामुळे चूक होणारच. पत्रकात भावनेच्या रकान्यात एकेका शब्दाची उदाहरणं द्या : भीती, लाज, राग, अपराधीपणा.

तर्कटी
आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) यादीत नाही? मराठी वाचकाला तोच जास्त परिचित असेल. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास सुरू केलेली ही पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत 'विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती' म्हणून रुजली.

अस्मिता
जरूर घाला, सीबीटीच्याच कुटुंबात. 'विवेकनिष्ठ' हे भाषांतर उत्तमच आहे. 'तार्किक' केलं असतं तर फक्त वाद घालणं उरलं असतं. विवेकात भावनेलाही जागा आहे. यात रोख एखाद्या चुकीच्या अंदाजावर कमी आणि हट्टी मागणीवर जास्त असतो. ती मागणी मराठीत एका अक्षरात पकडता येते : 'च'. 'मला नोकरी मिळायला हवी' ही इच्छा. 'मला नोकरी मिळायलाच हवी' ही मागणी, आणि तिच्यामागून 'नाही मिळाली तर सगळं संपलं' येतं. इच्छा सोडायची नसते, 'च' सोडायचा असतो. पत्रकात ही दोन वाक्यं एकाखाली एक छापा.

मुक्ता
वर्तनोपचाराखाली 'सिस्टिमॅटिक डिसेन्सिटायझेशन' आणि 'एक्स्पोजर' असे दोन उपप्रकार आहेत. पहिल्याला 'पद्धतशीर असंवेदनीकरण' सापडलं. दुसऱ्याला 'अनावरण' लिहू?

श्री. वा.
अनावरण पुतळ्याचं होतं. 'सामोरे जाणे' लिहा. आणि 'असंवेदनीकरण' वाचून दाताच्या डॉक्टरचं इंजेक्शन आठवतं; 'टप्प्याटप्प्याने भीती निवळवणे' हे सोपं नाव शेजारी असू द्या.

अस्मिता
दोन्हीला एकच मराठी शब्द देऊ नका, क्रिया वेगळ्या आहेत. पहिली जोसेफ वोल्पे यांची, 1958 च्या पुस्तकातली. आधी स्नायू शिथिल करायला शिकवतात, मग भीतीची उतरंड रचतात, मग शिथिल अवस्थेत एकेक पायरी कल्पनेत आणतात. दुसऱ्यात शिथिलीकरणाची गरज नाही, माणूस त्या गोष्टीसमोर प्रत्यक्ष उभा राहतो.

लिफ्टच्या भीतीचं उदाहरण देता येईल. दहा-बारा पायऱ्या लिहायच्या आणि प्रत्येकीला 0 ते 100 गुण द्यायचे. लिफ्टसमोर उभं राहणं 30. दार उघडं ठेवून आत उभं राहणं 45. सोबतीने एक मजला 60. एकट्याने एक मजला 75. गर्दीच्या वेळी एकट्याने दहावा मजला 95. सुरुवात 30-40 पासून, आणि तीच पायरी पुन:पुन्हा.

फसतं कुठे, तर भीती शिगेला असताना बाहेर पडण्यात. बाहेर पडताच हायसं वाटतं आणि मन शिकतं की 'सुटलो म्हणून वाचलो'. पुढच्या वेळी भीती वाढते. दुसरी फसगत लपून होते : हातात मोबाइल घट्ट धरणं, पाण्याची बाटली, मनातल्या मनात मजले मोजणं. पायरी पार पडते पण श्रेय बाटलीला जातं. 'भीती निम्मी होईपर्यंत थांबा' हा नियम बऱ्याच पत्रकांत असतो. अलीकडे भर यावर असतो की जी आपत्ती अपेक्षित होती ती घडली का, हे आधी लिहून ठेवावं आणि नंतर पडताळावं.

मंत्रचळात याला आणखी एक भाग जोडतात : हात धुण्याची किंवा कुलूप तपासण्याची ऊर्मी आली की ती कृती करायची नाही. त्याला 'प्रतिसाद रोखणे' म्हणा. 'प्रतिबंध' लिहिलंत तर रोग होऊ नये म्हणून केलेला उपाय असा अर्थ निघेल.

तर्कटी
'सायकोडायनॅमिक'साठी 'मनोगतिक' सापडतं, पण घाईत ते 'मनोगत' वाचलं जातं. पुस्तकाच्या सुरुवातीला लेखक लिहितो ते.

श्री. वा.
खरंय. 'मनोगतिकीय' म्हणजे जास्त अक्षरं आणि तेच दुखणं. पत्रकात 'मनोविश्लेषणातून निघालेल्या पद्धती' असं वर्णनच द्या, काही बिघडत नाही. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीला मात्र 'व्यक्तिकेंद्री' नाव छान बसलंय. तिच्यातल्या 'क्लायंट'साठी 'अशील' टाळा, तो वकिलाचा. पुस्तकी 'सल्लार्थी' तर उलटंच सांगतो, कारण रॉजर्स यांच्या पद्धतीत सल्ला देणंच टाळतात.

मुक्ता
शेवटचा एक. एसीटी. 'स्वीकार व बांधिलकी उपचार' बरोबर आहे का?

अस्मिता
नाव बरोबर, पण तीन अक्षरं सुटी लिहू नका. ते 'ॲक्ट' असं एका शब्दात म्हणतात. आणि 'स्वीकार'ला लगेच ओळ जोडा, नाहीतर 'नशिबी आलंय ते सोसा' असा अर्थ घेतला जाईल, विशेषतः घरात मार खाणाऱ्या बाईकडून. स्वीकार परिस्थितीचा नव्हे, मनात उठणाऱ्या भीतीचा आणि विचारांचा. त्यांच्याशी झुंजण्यात जाणारी ताकद परिस्थिती बदलायला वापरायची. 'बांधिलकी' म्हणजे आपण ठरवलेल्या मूल्यांनुसार कृती करत राहणं. ती संस्थेशी किंवा पक्षाशी असते तशी नव्हे, हेही त्याच ओळीत बसवा.