मदत हवी आहे: नाशिकची 'कामाची' बाजू पायी आणि सायकलवर कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

कॉलेजातला आमचा जुना कंपू दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी नाशिकला येतोय. काही मुंबईचे, काही पुण्याचे. या लोकांनी मध्यंतरी लालबाग-परळला गिरणगावाची पायी फेरी केली आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. मला फर्मान आलंय, "काळाराम झाला, त्र्यंबक झालं, वाइनरी तर दोनदा झाली. आता तुमच्या गावात लोक पोटासाठी काय करत आले ते दाखव."

ऐकायला सोपं वाटतं. पण गिरणगावात गिरण्या १९८२ च्या संपानंतर हळूहळू मिटल्या, त्यामुळे बंद चिमणी दाखवली की गोष्ट आपोआप सुरू होते. आपल्याकडे कारखाने चालू आहेत. नोटांची प्रेस चालू, एकलहऱ्याचं वीज केंद्र चालू, ओझरला एचएएलचा विमान कारखाना चालू, सातपूर-अंबडचं तर विचारूच नका. म्हणजे सगळीकडे भिंत, गेट आणि "इकडे काय काम आहे?" विचारणारा वॉचमन. आत जाता येत नाही ते दाखवायचं कसं, हा माझा खरा प्रश्न.

सध्या डोक्यात असं आहे: शनिवारी सकाळी सायकलवर त्र्यंबक रोडने सातपूर एमआयडीसी. रविवारी पायी जुनं नाशिक, मेनरोड, सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट लेन. वेळ उरला तर नाशिकरोड, कारण घोड्यांची ट्राम तिथून गावात यायची हे मला दाखवायचंच आहे. १८८९ साली सुरू झाली, आणि १९३० च्या सुमारास तोट्यात जाऊन बंद पडली. तिचा काही मागमूस उरलाय का?

आणखी दोन गोष्टी. द्वारका चौकाच्या गर्दीतून सायकली कशा न्यायच्या? आणि दोघांचे गुडघे बोलतात, एकीला सायकल येत नाही, त्यांचं काय करायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

गंगापूररोडकर

---

पेडलमार:

आधी वार बदला. सातपूर-अंबडला बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. तुम्ही शनिवारी गेलात तर मित्रांना बंद शटर आणि झोपलेली कुत्री दिसतील. एमआयडीसी रविवारी करा, गाव शनिवारी. बाहेरगावच्या माणसाला हे उलटं वाटतं, पण इथे तसंच आहे.

पहिली पाळी भरायच्या वेळी मायको सर्कलच्या पुढे असा. कंपनीच्या बसेस, डबा हँडलला अडकवून जाणारे सायकलवाले, टपरीवर उभ्यानेच चहा संपवणारे. गेटच्या आत न जाता जे दिसतं ते एवढंच, पण ते फक्त त्या अर्ध्या तासात दिसतं. नऊला गेलात तर नुसता रस्ता. मायको कंपनीचं नाव बॉश होऊन किती वर्षं झाली, पण चौक अजून मायकोचाच आहे, आणि रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं. डिझेल इंजिनाचे नोझल, इंजेक्टर इथे बनत आले आणि त्यांच्या भोवती सुटे भाग करून देणारी छोटी वर्कशॉप उभी राहिली. मित्रांना मोठ्या गेटपेक्षा ही वर्कशॉप दाखवा. शटर अर्धं वर असतं, लेथवर निळसर बारीक भुगा उडत असतो, थंड ऑइलचा वास येतो, आणि मालक मोकळा असला तर स्वतःच बोलावतो.

रस्ता चांगला आहे. त्र्यंबककडे जाताना हलका चढ लागतो, येताना उतार, म्हणजे दमलेल्या माणसाला घरी येताना आराम. पपया नर्सरीपर्यंत ट्रक असतात, एका रांगेत चला, गप्पा मारत जोडीने नको. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा सक्तीचा करा, त्या दिवसांत पहाटे चांगलाच अंधार असतो. गिअरची सायकल हवीच असं नाही.

ताकद असेल तर पुढे अंजनेरीपर्यंत जा. नाण्यांच्या संशोधनाची संस्था आणि संग्रहालय आहे, १९८० साली सुरू झालेलं. शहरापासून वीसेक किलोमीटर. नोटा छापणाऱ्या गावात आत जाऊन बघता येईल असं पैशाचं ठिकाण तेवढंच. आधी फोन करून उघडं आहे का विचारा.

---

प्रेसवाले काका:

गंगापूररोडकर, मी प्रेसमधून निवृत्त झालो, म्हणून लिहितो. आत जाता येणार नाही, त्यासाठी खटपटही करू नका. भिंतीजवळ मोबाईल काढून फोटो घेऊ नका, ड्रोनचं तर नावही काढू नका. तुमच्या मित्रांना गंमत वाटेल, सुरक्षावाल्यांना वाटणार नाही.

पण बाहेरून सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सिक्युरिटी प्रेस १९२५ ची. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. नोटांची प्रेस १९२८ ची, आणि पहिली नोट निघाली ती पाच रुपयांची. आज पासपोर्टही नाशिकरोडलाच छापला जातो. तुमच्या मित्रांच्या खिशात पासपोर्ट असेल तर तो आधी इथून निघालाय, हे सांगा म्हणजे गप्प होतील.

नेहरूनगरच्या प्रेस क्वार्टर्समधून पायी फिरा. एकेका घरात बाप प्रेसमध्ये, मुलगा प्रेसमध्ये, अशी दोन-दोन पिढ्यांची नोकरी. गेटवर रोज झडती देऊन बाहेर पडायचं. लोक विचारायचे, एवढ्या नोटा हाताखालून जातात तर काही वाटत नाही का? अहो, आठ तास उभं राहिल्यावर तो फक्त कागद असतो, मोजायचा आणि हिशेब जुळवायचा. एक तुकडा कमी निघाला तर सगळा विभाग थांबायचा.

आणि जवळच मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचं विक्री केंद्र आहे. फर्निचर, सतरंज्या. तेही या गावचं कामच.

ट्रामचं म्हणाल तर रूळ कुठे शोधत बसू नका. मेनरोडच्या जुन्या महापालिकेपासून स्टेशनपर्यंत जायची, आठ-दहा किलोमीटर. घोडे ओढायचे. रेल्वे गावापासून लांब ठेवली, म्हणून ट्राम लागली. तेवढं कळलं की नाशिक आणि नाशिकरोड अशी दोन गावं का वाटतात तेही कळतं.

---

तांबटलेनची सून:

दादा, तांबट लेनमध्ये पाहुणे आणा, पण दहा माणसं एकदम आणू नका. बोळ अरुंद आहे, समोरून दुचाकी आली की भिंतीला पाठ लावावी लागते. तीन-चार जण करून या.

आमच्या घरी सासऱ्यांपर्यंत ठोक्याचं काम होतं. तांब्याचा पत्रा भट्टीत लाल करायचा, गार करायचा, चिंचेच्या पाण्याने घासायचा आणि मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर अडकवून मठारायचा, म्हणजे हातोडीने सारखा ठोकायचा. मठारताना हात थांबला तर ठोका वाकडा पडतो, म्हणून त्या वेळी घरातलं कुणी त्यांना हाक मारत नसे. पाणी मागायला आलेलं पोरसुद्धा दारातच उभं राहायचं. हंड्याच्या अंगावर जे बारीक खड्डे दिसतात ते नक्षीसाठी नसतात, ठोकल्याने पत्रा घट्ट होतो. आता भांडी बाजारातला बराच माल यंत्रावरचा असतो. दुकानात गुळगुळीत हंडा आणि मठारलेला हंडा शेजारी ठेवायला सांगा आणि मित्रांना हात फिरवू द्या. व्याख्यान द्यावं लागणार नाही.

कुणी काम करताना दिसला तर आधी विचारा, मग फोटो. आणि काहीतरी विकत घ्या, एखादं फुलपात्र तरी. फुकटचं बघायला येणाऱ्यांचा इथे लोकांना कंटाळा आलाय.

भांडी बाजारातल्या जुन्या दुकानदारांना पुराबद्दल विचारा. गोदावरी चढली की पाणी थेट दुकानात शिरतं, २०१६ लाही शिरलं होतं. माल कुठल्या फळीपर्यंत वर चढवायचा हे त्यांच्या हाताला माहीत असतं. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेत, गुडघेवाल्यांना चपलांऐवजी बूट घालून आणा.

---

सिन्नरकर:

गावाबाहेर जायचं असेल तर सिन्नर विसरू नका. आधी विड्या, मग एमआयडीसी. भिकुसा यमासा क्षत्रिय यांचं नाव नाशिकमध्ये कॉमर्सच्या कॉलेजमुळे माहीत आहे, पण ते मूळ विडीवाले. बायका घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, तेंदूच्या पानाचे कात्रीने तुकडे करून. याला धुराडं नव्हतं, भोंगा नव्हता, म्हणून कुणी कारखानदारी म्हणत नाही. पण कित्येक घरांची चूल त्याच्यावर पेटली.

---

पेडलमार:

द्वारकेचं राहिलंच. सायकलवर बसून तो चौक ओलांडू नका. खरं तर नाशिकरोडला सायकल नेऊच नका. शालिमारहून सिटीलिंकची बस धरा. काकांच्या ट्रामने जिथे नेलं असतं तिथेच ती नेते, द्वारका, गांधीनगर, उपनगर करत. गांधीनगरला सरकारी छापखाना आहे, म्हणजे आपल्या शहरात छपाई किती आहे ते बसमधूनच मोजता येईल. गुडघेवाले आणि सायकल न येणारी ताई दोघांचीही सोय झाली.

---

गंगापूररोडकर:

काका, ताई, सगळ्यांचे आभार. शनिवारच्या सुट्टीचं कुणी सांगितलं नसतं तर मित्रांनी मला कायमचं ऐकवलं असतं.

आता असं ठरवतोय: शनिवारी सकाळी जुन्या महापालिकेपासून पायी, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, तिथून दोन तुकड्यांत तांबट लेन. जेवून शालिमारहून बसने नाशिकरोड, नेहरूनगर आणि कारागृहाचं विक्री केंद्र, मोबाईल खिशात ठेवून. रविवारी सहाला सायकली काढायच्या, मायको सर्कल, सातपूर, जमेल त्यांनी अंजनेरी. बाकीचे रिक्षाने अंजनेरीला येऊन भेटतील. सिन्नर पुढच्या वेळी, दीड दिवसात ते कोंबलं तर धड काहीच बघून होणार नाही.

दोन प्रश्न अजून आहेत. आठ सायकली दोन दिवसांसाठी भाड्याने एकाच ठिकाणी मिळतील का, सीट खाली-वर होणाऱ्या? आणि सातपूर कॉलनीत रविवारी पहाटे मिसळ कितीला सुरू होते? पाळीवाल्यांच्या वेळेला असेल तर आधी खाऊन मग पुढे जाऊ.

---

पेडलमार:

सायकलींचं व्यनि (खाजगी निरोप) करतो. आठ एकाच दुकानात मिळणं कठीण, दोन दुकानांत वाटून घ्या आणि शुक्रवारी संध्याकाळीच ब्रेक तपासून आणा. मिसळ आधी खाऊ नका हो, चढावर रस्सा वर येतो. परत येताना खा.