शत्रूच्या घरात राहिलेले हेर : ‘स्टार ट्रेक’च्या कादंबऱ्या वाचताना (अनुभव धागा)

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली अमेरिकन मालिका लागायची, तेव्हापासून त्या जगात रमलेले आपल्यात बरेच जण आहेत. त्यावर बेतलेल्या कादंबऱ्या वाचणारे कमी, आणि त्यांतल्याही हेरगिरीच्या, राजनयाच्या कादंबऱ्या शोधून शोधून वाचणारे आणखी कमी. हा धागा त्यांच्यासाठी.

मालिकेवर बेतलेलं पुस्तक म्हटलं की लोक नाक मुरडतात. लेखकाचे हात बांधलेले असतात हे खरंच आहे. नायकाला मारता येत नाही, आणि शेवटच्या पानावर सगळं होतं तिथे आणून ठेवावं लागतं. पण माझं ठाम मत आहे की या प्रकारातली उत्तम पुस्तकं याच बंधनातून निघाली. आपल्या बाजूला, म्हणजे पृथ्वीसकट अनेक ग्रहांच्या ‘फेडरेशन’ या संघाला, हात लावायची सोय नाही, म्हणून लेखक पलीकडे गेले. पडद्यावरचा रोम्युलन, म्हणजे शत्रू साम्राज्यातला माणूस, हा एका भागापुरता येऊन धमकी देऊन जाणारा सेनापती. त्याच्या घरी चाकर किती, डोक्यावर कर्ज किती, तो स्वतः कोणाला घाबरतो, हे कुणी दाखवलंच नव्हतं. ती सगळी जागा कादंबऱ्यांना मोकळी मिळाली. आणि वाचकाला शत्रूच्या घरात न्यायचं तर सोबतीला हेर हवा, नाहीतर राजदूत.

२००५ मध्ये टीव्हीवरच्या मालिका थांबल्या, तसे लेखकांचे हात आणखी मोकळे झाले. सहा सत्तांनी मिळून टायफन पॅक्ट नावाची आघाडी उभी केली, अँडोरसारखं संस्थापक राष्ट्र फेडरेशन सोडून गेलं. पडद्यावर यातलं काहीच घडलं नाही. २०२० मध्ये पिकार्ड या जुन्या कप्तानाची नवी मालिका आली, तिच्याशी हा इतिहास जुळेना, आणि २०२१ मध्ये तीन कादंबऱ्यांत सगळं गुंडाळलं गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कोणतं पुस्तक, हाती कसं लागलं, त्यातलं काय मनात राहिलं, ते सविस्तर लिहा. कथानक उघड झालं तरी हरकत नाही.

डोंबिवली

फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला जॉन एम. फोर्ड यांची ‘द फायनल रिफ्लेक्शन’ मिळाली, १९८४ ची. उभ्या उभ्या पानं चाळताना फेडरेशनच्या राजदूताचं नाव दिसलं, इमॅन्युएल टागोर, आणि पुस्तक लगेच घेतलं.

यात मूळ मालिकेचा नायक कप्तान कर्क आणि त्याची मंडळी फक्त सुरुवातीला आणि शेवटी येतात. जहाजावर सगळे जण एक वादग्रस्त पुस्तक वाचत असतात, आणि ते पुस्तक म्हणजेच आपल्या हातातली कादंबरी. तिचा नायक क्लिंगॉन आहे, म्हणजे फेडरेशनच्या आणखी एका शत्रू जमातीतला, अनाथ. क्लिन झा हा त्यांचा पटावरचा खेळ. त्यात जिवंत माणसं सोंगट्या म्हणून उभी करायची एक रीत आहे, आणि हा मुलगा आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो सोंगटी म्हणून. पुढे एक सेनानी त्याला आपल्या घरात घेतो, तो जहाजाचा कप्तान होतो, आणि टागोरांना आणायला पृथ्वीवर जातो. टागोर शांततावादी, हत्यार न धरणारे. असा माणूस क्लिंगॉनांच्या राजधानीत राहायला जातो.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो. परदेशी शिष्टमंडळांबरोबरच्या बैठकांची टिपणं काढण्यात उमेदीची वर्षं गेली. या खेळाचा एक प्रकार कादंबरीत आहे: दोन्ही खेळाडूंना मिळून सोंगट्यांचा एकच संच. आत्ता जी सोंगटी तुम्ही हलवलीत, तीच पुढच्या चालीला समोरच्याची. ते वाचलं आणि मला आमचे मसुदे आठवले. मसुदा एकच असतो. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात राहतात, आणि दोन्ही बाजू रात्र-रात्र त्याच कागदावर खाडाखोड करतात. आदल्या दिवशी ज्यांनी एखादा शब्द आग्रहाने घातला, तेच दुसऱ्या दिवशी तो काढा म्हणून अडून बसलेले मी पाहिले आहेत, कारण मधल्या रात्रीत तो शब्द समोरच्याच्या उपयोगी पडू लागलेला असायचा. वाटाघाटींवर गंभीर पुस्तकं पुष्कळ वाचली, पण हे इतक्या नेमकेपणाने सांगणारं दुसरं मिळालं नाही.

पुढे १९८७ पासून टीव्हीवर क्लिंगॉन वेगळ्याच वळणाने उभे राहिले आणि फोर्ड यांचे क्लिंगॉन मागे पडले. मला मात्र खरे वाटतात ते हेच.

पोट्सडाम, जर्मनी

डोंबिवलीकर काकांचा प्रतिसाद वाचून लिहायचं धाडस करतेय. माझं पुस्तक ‘द रोम्युलन वे’, १९८७, डायेन ड्युएन आणि पीटर मोरवूड यांचं.

फेडरेशनची एक हेर रोम्युलन सरदाराच्या घरात कारभारीण म्हणून राहते. आर्‍हे हे तिचं तिथलं नाव. सुरुवातीच्या पानांवर हेरगिरीचा मागमूस नाही. घरातले नोकर, त्यांच्या कुरबुरी, मालकाची लहर, पाहुण्यांची सरबराई. ती या सगळ्यात इतकी बुडालेली आहे की आपण कोणासाठी आलो आहोत हे तिलाही आठवावं लागतं. मग एके दिवशी त्याच घरात कैदी म्हणून कर्कच्या जहाजावरचा डॉक्टर मॅकॉय येतो, आणि त्याची व्यवस्था बघायची जबाबदारी हिच्याच अंगावर पडते.

मी इथे आले तेव्हा माझी खोली ग्लिनिके पुलापासून जवळ होती. शीतयुद्धात याच पुलावर हेरांची अदलाबदल व्हायची. फेब्रुवारी १९६२ मध्ये पॉवर्स या अमेरिकन वैमानिकाला सोडून सोव्हिएत संघाने आबेल या आपल्या हेराला परत नेलं ते इथेच. पुलाच्या दोन अर्ध्या भागांच्या हिरव्या रंगात आजही फरक आहे. मध्यावर उभं राहून खाली बघितलं की हद्द कुठे होती ते कळतं. रोज त्यावरून सायकलने जाता-येता मी आर्‍हेचाच विचार करायचे. पुलावरून परत येणाऱ्याचं सगळे स्वागत करतात. पण ज्याला परत यायचंच नाही त्याचं काय? मॅकॉयची सुटका होते, तेव्हा तिलाही निघता आलं असतं. ती राहते, आणि पुढे सिनेटर होते. लेखकांनी तिला गद्दार ठरवलं नाही की शहीदही केलं नाही. तिला तिथल्या माणसांची काळजी वाटते, बस. हेरकथेत इतकी साधी गोष्ट मी आधी वाचली नव्हती.

मॅकॉयवरचा खटलाही जरूर वाचा. शेवटचं निवेदन करायचा हक्क त्याला मिळतो आणि तो बोलतच राहतो, मदत पोचेपर्यंत.

नाशिक, राज्यशास्त्राचा प्राध्यापक

उना मॅकॉरमॅक यांची ‘ब्रिंकमनशिप’ (२०१२). टायफन पॅक्ट मालिकेतली आहे, स्वतंत्रपणेही वाचता येते. ऑक्टोबर १९६२ चा क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरचा पेचप्रसंग समोर ठेवून लिहिलेली आहे हे पहिल्या काही प्रकरणांतच लक्षात येतं. व्हेनेट नावाचं छोटं राष्ट्र आपले तळ टायफन पॅक्टमधल्या त्झेंकेथींना वापरायला देतं. फेडरेशन आणि त्याच्या बाजूच्या कार्डेशिया आणि फेरेंगी या सत्ता हादरतात, वाटाघाटी सुरू होतात, सीमेवर जहाजं समोरासमोर येतात.

वर्गात मी हा पेच शिकवतो, तेव्हा मुलांच्या डोक्यात दोनच माणसं असतात, केनेडी आणि ख्रुश्चेव्ह. (त्याच ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं, त्यामुळे बऱ्याच जणांना १९६२ म्हटलं की नेफाच आठवतो.) तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं गुपचूप काढून घ्यायचं ठरलं होतं, हे सांगितलं की मुलं चकित होतात. पण कास्त्रोला न विचारताच सौदा झाला, आणि मग त्याने तपासणीला क्युबात पाऊल ठेवू दिलं नाही, हे सांगितलं तरी कुणी टिपून घेत नाही. या कादंबरीत महत्त्व नेमकं त्या तिसऱ्याला आहे. व्हेनेटचे लोक सगळे निर्णय उघड चर्चेतून घेतात, आणि फेडरेशनचे मुत्सद्दी त्यांच्याशी समजावणीच्या सुरात बोलत राहतात. तो सूर मला फार ओळखीचा आहे. मोठ्या देशाचा प्रतिनिधी लहान देशाला ‘तुमच्याच भल्यासाठी’ सांगतो तेव्हा तो तसाच लागतो. आता मी मुलांना या पुस्तकातला वाटाघाटींचा भाग आधी वाचायला देतो, क्युबा नंतर.

त्झेंकेथी समाजात माणसाची प्रत जन्माआधीच ठरवलेली असते, आणि खालच्या प्रतीच्या लोकांत एक कार्डेशियन हेर वेषांतर करून राहते. तो भाग वेगळ्या प्रतिसादाचा ऐवज आहे.

पुणे

सरांनी प्रतीचा विषय काढलाच आहे, तर डेव्हिड मॅक यांच्या ‘झीरो सम गेम’बद्दल (२०१०) लिहितो.

टायफन पॅक्टमधले ब्रीन आठवत असतील. डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख, तोंडावर मुखवटा, आवाज यंत्रातून येणारा. तोपर्यंत पडद्यावर त्यांचा चेहरा कधी दाखवला नव्हता. फेडरेशनच्या नव्या इंजिनाचे आराखडे ब्रीन चोरतात आणि ते निकामी करायला फेडरेशन आपल्या डॉक्टर बशीर आणि सरीना डग्लस यांना ब्रीनांच्या ग्रहावर उतरवतं, तेच पोशाख घालून. आणि कळतं की ब्रीन ही एक जमात नाहीच. अनेक जमाती आहेत. मुखवटा यासाठी की कोण कुठल्या जमातीत जन्मला हे कुणाला दिसू नये आणि कामावरून माणूस जोखला जावा.

मी हे वाचलं तेव्हा भाड्याने घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, अनामत, किल्ली कधी. शेवटी “पूर्ण नाव काय म्हणालात?” आणि दुसऱ्या दिवशी घर दुसऱ्याला दिलेलं असायचं. माझे वडील आडनाव लावत नाहीत, आजोबांचं नाव लावतात. मी ते पान पुन्हा वाचलं आणि बराच वेळ पुढे गेलो नाही. ज्यांना आपण खलनायक म्हणून बघत होतो, त्यांनी हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न तरी केलेला होता. तेही लेखक भाबडेपणाने सांगत नाही. मुखवटा काढून मोकळेपणी जगू पाहणाऱ्यांचा एक भूमिगत गट त्याच शहरात आहे, आणि सत्ता त्यांना चिरडते. म्हणजे ओळख लपवायची सक्तीही जाचकच. बशीर मोहीम फत्ते करून परततो, पण त्यासाठी त्याने जे जीव घेतले ते त्याला सोडत नाहीत.

स्फोट, पाठलाग भरपूर आहेत, त्यातले काही मी भराभर उलटले. ब्रीन शहरातली प्रकरणं मात्र सावकाश वाचा.

उमरगा

अँड्र्यू रॉबिन्सन यांची ‘अ स्टिच इन टाइम’ (२०००). मालिकेत गॅरकची भूमिका करणाऱ्या नटानेच लिहिलेली. आधी भूमिकेच्या तयारीसाठी त्यांनी गॅरकच्या नावाने रोजनिशी लिहिली होती, तिच्यातून ही कादंबरी झाली. सगळी कादंबरी म्हणजे गॅरकचं डॉक्टर बशीरला लिहिलेलं लांबलचक पत्र.

गॅरक म्हणजे शिंपी म्हणून वावरणारा, कार्डेशियन गुप्तचर खात्यातून हाकललेला माणूस. माळ्याच्या घरी वाढलेला, आणि पुढे रोम्युलसवर माळी बनून हेरगिरी केलेला. युद्ध संपताना डोमिनियन या परक्या सत्तेने कार्डेशिया उद्ध्वस्त केला, ८० कोटी माणसं मारली. गॅरक घरी परततो तेव्हा शहराचा ढिगारा झालेला असतो. एका बागेतल्या अवजारांच्या खोपटात तो राहतो आणि पथकाबरोबर ढिगारे उपसतो.

१९९३ च्या भूकंपानंतर मी किल्लारीच्या बाजूच्या गावांत मदतीला होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ३० सप्टेंबरच्या पहाटे ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. पुस्तक पुष्कळ वर्षांनी, भाच्याने दिलं म्हणून वाचलं. एवढंच सांगते की ढिगारा उपसणं ज्याने लिहिलंय त्याने नीट विचार करून लिहिलंय. आधी सगळे माणसं शोधतात. मग वास येऊ लागतो, तेव्हा बोलणं बंद होतं. मग एखादी घागर अख्खी निघते आणि तिच्यावरून कोणाचं घर होतं ते कळतं.

गॅरकच्या पथकात डॉक्टर पारमाक असतो. याच माणसाची गॅरकने पूर्वी चौकशी केलेली. हात न लावता, तासन् तास नुसतं डोळ्यांत बघत राहून त्याला बोलतं केलेलं. आता दोघं एकच तुळई दोन टोकांनी उचलतात. माझ्या डोळ्यांसमोर दोन भाऊबंद आले. सामाईक भिंतीवरून त्यांचा दावा कोर्टात होता, आणि त्याच भिंतीचे दगड ते दोघं मिळून बाजूला करत होते. वाचणारे म्हणतील की दुःखाने माणसं जवळ येतात. काही दिवस येतात. पुनर्वसनात घरांचं वाटप सुरू झालं आणि दावा पुन्हा उभा राहिला. रॉबिन्सन हेही टाळत नाहीत. गॅरक दगड रचून मेलेल्यांचं स्मारक करतो, लोक तिथे जमू लागतात, आणि लगेच त्या जागेवर राजकारण सुरू होतं. जुनी सत्ता परत हवी असणारेही त्यांत असतात. पारमाक आणि गॅरक यांची मैत्री मात्र टिकते, आणि ती कशी टिकते याची पानं मी पुन्हा पुन्हा वाचते.

ठाणे

उमरग्याच्या ताईंनंतर लिहिणं अवघड आहे. थोडक्यात लिहितो.

गॅरक आवडला असेल तर उना मॅकॉरमॅक यांची ‘हॉलो मेन’ (२००५) वाचा. १९९८ च्या ‘इन द पेल मूनलाइट’ या भागात फेडरेशनचा कप्तान सिस्को गॅरकच्या मदतीने खोटा पुरावा तयार करतो, रोम्युलन सिनेटरचा खून होतो, आणि रोम्युलस फेडरेशनच्या बाजूने डोमिनियनविरुद्धच्या युद्धात उतरतो. टीव्हीवर गोष्ट तिथे संपली. कादंबरी तिथून सुरू होते. सिस्को पृथ्वीवर जाऊन वरिष्ठांपुढे कबुली देतो. त्याला शिक्षा हवी असते. आणि वरिष्ठ ती देत नाहीत, त्यांना झालेलं सोयीचंच वाटतं. शत्रूच्या घरात गेलेल्या हेरांबद्दल वर पुष्कळ आलंय. हे पुस्तक आपल्याच घरातल्या लोकांबद्दल आहे, म्हणून या धाग्यात त्याची जागा असायला हवी.

‘बॅबिलॉन ५’ या दुसऱ्या अंतराळ मालिकेवरची पीटर डेव्हिड यांची ‘लीजन्स ऑफ फायर’ ही तीन पुस्तकं कुणी वाचली आहेत का? सेंटॉरी दरबारातलं राजकारण त्यांत पुढे नेलंय असं कळलं. आणि मॅकॉरमॅक यांच्याच ‘द नेव्हर-एन्डिंग सॅक्रिफाइस’ची छापील प्रत ठाणे-मुंबईत कुणाकडे असेल तर सांगा, घेऊन जाईन आणि वाचून जपून परत करीन.