हेडफोनमध्ये ऐकू येणारा रिव्हर्ब रेकॉर्डिंगमध्ये का उतरत नाही?

पेटीचा_भाता (प्रश्न)

नमस्कार. डोंबिवलीतील घरच्या एका खोलीत मी सध्या वडिलांचे अभंग रेकॉर्ड करत आहे. वडील ६८ वर्षांचे असून त्यांचे सारे गाणे भजनी मंडळात झाले आहे. मंडळाच्या मिक्सरवर इको कायमच चढवलेला असे, त्यामुळे कानाला थोडा घुमारा लागल्याखेरीज त्यांचा गळा मोकळा होत नाही. कोरडा आवाज ऐकवला की ते दोन ओळी गातात आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवतात. माझ्याकडे दोन इनपुट आणि चार आउटपुटांचा यूएसबी इंटरफेस (माईक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारे उपकरण), एक कंडेन्सर माईक आणि जुना लॅपटॉप आहे.

पहिली अडचण अशी की, ट्रॅकवर रिव्हर्बचा, म्हणजे घुमारा देणारा, प्लगइन (सॉफ्टवेअरमधील इफेक्ट) लावला तर हेडफोनमध्ये तो छान ऐकू येतो, परंतु प्रोजेक्टच्या फोल्डरमधील फाईल नाशिकच्या तबलजी मित्राला पाठवली तेव्हा ती अगदी कोरडी असल्याचे त्याने कळवले. शिवाय प्लगइनमधून ऐकताना स्वतःचा आवाज मागून येतो, अशी वडिलांची तक्रार आहे आणि त्यांची लय खरोखरच खाली सरकते. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ वर आहे. त्याहून कमी केला की लॅपटॉप कडकड आवाज करू लागतो.

दुसरी अडचण मामाच्या डब्याची आहे. मामा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत असे, त्या काळातील त्याचे डिजिटल रिव्हर्बचे यंत्र आता माझ्याकडे आले आहे. त्यातील ‘हॉल २’ वडिलांना फार आवडतो आणि तोच रेकॉर्डिंगमध्ये हवा, असा त्यांचा हट्ट आहे. मी इंटरफेसच्या आउटपुट ३ मधून यंत्रात आणि यंत्रातून इनपुट २ मध्ये केबल जोडली, तर काही क्षणांतच हेडफोनमध्ये अशी शिट्टी सुरू झाली की वडील दचकून उठले. माझे कोठे चुकते आहे?

घुमट_आणि_घुमारा

पहिल्या अडचणीत तुमची काहीही चूक नाही. सॉफ्टवेअर इनपुटवरून आलेला आवाज जसाच्या तसा डिस्कवर लिहिते आणि प्लगइन त्यानंतर, ऐकवण्याच्या वाटेवर बसलेला असतो. म्हणून फोल्डरमधील फाईल कोरडीच असणार. मित्राला घुमाऱ्यासकट हवी असेल तर तो ट्रॅक प्लगइनसह एक्सपोर्ट करून पाठवावा लागेल. माझे मत विचाराल तर तबलजीला कोरडीच फाईल द्या, कारण घुमाऱ्यात बुडालेल्या आवाजावर ठेका धरणे त्रासाचे असते.

वडिलांची तक्रार मात्र खरी आहे. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापे (सॅम्पल) घेताना, ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे १०.७ मिलिसेकंद; आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा थांबतो, म्हणजे २१ मिलिसेकंद तर नुसत्या बफरचेच झाले, आणि ड्रायव्हरचा वेळ त्यावर आणखी वेगळा. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून सात मीटरांहून अधिक जातो. सात मीटरांवर उभे राहून कोणी आपल्याच आवाजाची नक्कल करत असेल, तर गाणाऱ्याची लय खाली येणारच.

यावर लॅपटॉप न बदलताही उपाय आहे. कोरडा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून ऐकवा, म्हणजे तो संगणकात न शिरता थेट हेडफोनपर्यंत जाईल आणि उशीर जाणवणार नाही. रिव्हर्बचा प्लगइन गाण्याच्या ट्रॅकवर न ठेवता वेगळ्या ऑक्स (सहायक) ट्रॅकवर ठेवा, त्याची वेट पातळी (घुमाऱ्याचे प्रमाण) १०० टक्के करा, गाण्याच्या ट्रॅकवरून प्री-फेडर सेंड (फेडरच्या, म्हणजे पातळीच्या सरकपट्टीच्या, आधीच फुटणारी आवाजाची प्रत) द्या आणि त्या ट्रॅकचा फेडर पूर्ण खाली ओढा. फेडर खाली असला तरी रेकॉर्डिंगच्या पातळीवर काहीही परिणाम होत नाही. आता संगणकातून केवळ घुमारा येईल, आणि तो २५ मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही. मोठ्या सभागृहातही भिंतीवरून परतणारा पहिला आवाज तेवढ्याच अंतराने येतो, आणि रिव्हर्बमध्ये ज्याला प्री-डिले म्हणतात तो हाच. जी लेटन्सी (उशीर) वडिलांना छळत होती, तीच येथे कामाला येते.

लॅमिंग्टन_रोड

डब्याविषयी मी सांगतो, कारण ही शिट्टी मीही ऐकली आहे.

यंत्रातून परत आलेला आवाज इनपुट २ वर येतो आणि त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग (रेकॉर्ड करताना ऐकवणे) चालू असल्यामुळे तो मास्टरवर, म्हणजे सर्व ट्रॅकच्या एकत्रित आउटपुटवर, जातो. अनेक इंटरफेसांच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट ३-४ हे आउटपुट १-२ चीच प्रत म्हणून ठेवलेले असते. तसे असेल तर मास्टरवरचा सारा आवाज, घुमाऱ्यासकट, पुन्हा यंत्रात जातो, तेथून पुन्हा परत येतो आणि हे चक्र वाढतच राहते. आउटपुट ३ वर फक्त सेंडचा आवाज जाईल अशी व्यवस्था करा, परतीच्या ट्रॅकवरून त्या सेंडला काहीही जात नाही याची खात्री करा आणि हे सर्व तपासून होईपर्यंत हेडफोन कानांना लावू नका, वडिलांच्या तर नकोच.

आता पातळीविषयी. इंटरफेसचा लाइन आउटपुट बहुधा +४ डीबीयू या व्यावसायिक पातळीचा असतो, तर ऑर्केस्ट्रावाल्यांकडील बरीच यंत्रे −१० डीबीव्हीची असतात. दोहोंमध्ये सुमारे १२ डेसिबलचा फरक पडतो, म्हणून सेंड तेवढा खाली ठेवून सुरुवात करा. यंत्राचा लाल दिवा तारसप्तकातही लागता कामा नये. परतीची केबल एक्सएलआरमध्ये (माईकच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये) न लावता पाव इंची जॅकने, ज्याला आमच्याकडे दुकानात पी-३८ म्हणतात त्याने, जोडा आणि ‘इन्स्ट्रुमेंट’चे बटण बंद ठेवा. ते गिटारसाठी असते. चालू राहिले तर परतीचा आवाज फाटण्याची शक्यता असते.

यंत्रावरील मिक्सचा खटका पूर्ण वेटकडे फिरवायला विसरू नका. तो अर्ध्यावर राहिला तर कोरड्या आवाजाची दुसरी प्रत काही मिलिसेकंद उशिरा येऊन मूळ आवाजात मिसळते. हा उशीर १० मिलिसेकंदांचा असेल तर ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज खचतो आणि पेटी डब्यात ठेवून वाजवल्यासारखी पोकळ ऐकू येते. हा दोष नंतर काढता येत नाही.

तुमच्याकडे इनपुट दोनच आहेत. माईकने एक घेतल्यावर यंत्राची परत फक्त मोनोच घेता येते आणि मोनो ‘हॉल’ बसका वाटतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी वडिलांना ऐकण्यापुरता मोनो घुमारा द्या, पण तो जपून ठेवू नका. अभंग मनासारखा झाला की माईक काढा, कोरडा ट्रॅक आउटपुट ३ मधून यंत्राला ऐकवा आणि यंत्राचे डावे-उजवे दोन्ही आउटपुट दोन्ही इनपुटांवर घेऊन स्टिरिओ ट्रॅक भरून घ्या. या वेळी परतीच्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंदच ठेवा. गाणे संपल्यावर लगेच थांबवू नका. शेवटच्या सुराची शेपटी पूर्ण विरेपर्यंत, चार-पाच सेकंद, रेकॉर्डिंग चालू राहू द्या.

जिन्यातला_माईक

वरील दोघांशी मी सहमत आहे, तरी एक वेगळी वाट सुचवतो. मला स्वतःला जुन्या डिजिटल यंत्रांचा घुमारा अभंगाला थोडा पत्र्यासारखा वाटतो. लॅमिंग्टन_रोड यांनी सांगितलेली केबलची रचना तशीच ठेवून यंत्राच्या जागी तुमच्या इमारतीचा जिना लावता येतो. आउटपुट ३ वर एक छोटा पॉवर्ड स्पीकर जोडून तो खालच्या मजल्याच्या वळणावर भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि माईक दीड मजला वर ठेवा, म्हणजे स्पीकरचा थेट आवाज त्यात कमी येईल. ही युक्ती काही नवी नाही. शिकागोचे ध्वनिमुद्रक बिल पुटनम यांनी १९४७ मध्ये स्टुडिओच्या स्वच्छतागृहाचा असाच उपयोग केला होता. आणि १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने पोलादी पत्रा थरथरवून घुमारा देणारे यंत्र काढले, तेव्हा त्याचेही वजन पाव टनाच्या आसपास होते. त्या मानाने जिना फुकट आहे.

आमच्या इमारतीत हे काम रात्री अकरानंतरच जमते, कारण त्याआधी लिफ्टच्या दाराची घंटा प्रत्येक अंतऱ्यात हजेरी लावते. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवणेही बरे.

पेटीचा_भाता

सर्वांचे आभार. कंट्रोल पॅनल उघडले तर आउटपुट ३-४ खरोखरच १-२ ची प्रत म्हणून ठेवलेले होते. ते बदलताच शिट्टी थांबली. डायरेक्ट मॉनिटर आणि प्री-फेडर सेंडची युक्ती काल संध्याकाळी लावली. वडिलांनी पहिल्या आलापानंतर हेडफोनवर हात दाबून धरला आणि सलग तीन अभंग गायले. ‘मागून येतो’ ही तक्रार एकदाही आली नाही. नंतर कोरडा ट्रॅक यंत्रातून फिरवून ‘हॉल २’ स्टिरिओत भरून घेतला. पहिल्या खेपेस मी सवयीने समेवर थांबवले आणि शेपटी तुटली, त्यामुळे तो अभंग पुन्हा फिरवावा लागला. जिन्याचा प्रयोग गणपतीनंतर करीन, सध्या तेथे मंडपाचे बांबू ठेवले आहेत.

एकच त्रास उरला आहे. परतीच्या ट्रॅकवर बारीक ‘हुंम’ असा आवाज आहे आणि तो यंत्राचा सेंड शून्य केला तरी जात नाही. परतीची ही पातळी गृहीत धरून चालावे का?

लॅमिंग्टन_रोड

गृहीत धरू नका. सेंड शून्यावर असूनही आवाज राहतो, म्हणजे तो गाण्यातून आलेला नाही. बहुधा अर्थिंगच्या चक्रातून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण आहे. लॅपटॉप आणि यंत्र एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, मग लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर एकदा ऐकून पाहा. बॅटरीवर गुणगुण थांबली तर रेकॉर्डिंग त्याच अवस्थेत करा. एक अभंग फिरवायला सहा-सात मिनिटेच लागतात आणि तेवढी बॅटरी जुन्या लॅपटॉपमध्येही असते. तरीही राहिली तर परतीच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (विजेचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे नेणारा) घालावा लागेल. यंत्राच्या प्लगमधील अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. त्याने गुणगुण जाते, पण यंत्रात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरते आणि शॉक बसतो.