भावाची मुलं जूनमध्ये कायमची परत येतायत, शाळेचं कसं करायचं?

बी-३०४: नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना, मेसेज मोठा आहे पण प्लीज वाचा. माझा भाऊ १२ वर्षांनी न्यू जर्सीहून कायमचा परत येतोय. मोठी मुलगी आत्ता आठवीत, छोटा तिसरीत. तिकडची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संपते, ती पूर्ण करून मग निघायचं म्हणतायत. मी मागच्या आठवड्यात तीन शाळांत जाऊन आले, एकीने सांगितलं सीट नाही, दुसरीने फॉर्म दिला पण म्हणाले आधी टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा मग बोलू, तिसरीकडे तर गेटवरूनच परत पाठवलं की मेल करा. मेलला उत्तर नाही. भाऊ रोज रात्री फोन करून विचारतो काय झालं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं. कोणी यातून गेलंय का?

सी-५०२: आम्ही गेलोय ताई, दोन वर्षांपूर्वी, मुलगा सहावीत होता तेव्हा. पहिली गोष्ट टीसीची. अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये टीसी नावाचा कागदच नसतो, त्यांना तो शब्दच कळत नाही. आणि इकडचा क्लार्क म्हणतो टीसी नाही तर रजिस्टरला नाव कसं चढवू. आमचे यात पाच आठवडे गेले. शेवटी काय चाललं तर शाळेच्या लेटरहेडवर प्रिन्सिपलच्या सहीचं पत्र, त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेत कधी आला, कधी सोडली, कुठली इयत्ता पास झाला आणि पुढच्या कुठल्या इयत्तेला पात्र आहे एवढं स्पष्ट लिहिलेलं. त्याला नोटरी आणि मग त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का. न्यू जर्सीत नक्की कुठल्या ऑफिसात होतं ते भावाला बघायला सांगा. आणि हे सगळं तिकडे असतानाच करून घ्या, कारण जूनअखेर शाळा बंद झाली की ऑफिसात फोन उचलायला माणूस नसतो, मी इथून रात्री अडीचला फोन लावत बसायचे.

बी-३०४: बापरे, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ताच भावाला फॉरवर्ड करते

डी-१०१: आमचं त्या मानाने सोपं गेलं, दुबईत सीबीएसईच होती आणि इथेही सीबीएसई. टीसी मिळाला, फक्त तिकडच्या शिक्षण खात्याचा शिक्का आणि बाकीचं अटेस्टेशन लागलं. पण मुलीची मराठी कोरी होती आणि इथे मराठी सगळ्या बोर्डांना सक्तीची, तिथे खरी धावपळ झाली.

ए-७०१: ३१ वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ ऑफिसच्या खुर्चीत, म्हणून सांगते. दोन्ही मुलांचा विचार वेगवेगळा करा, एकाच शाळेत दोघं हवीत हा हट्ट आत्ता नको. धाकट्याची काळजी कमी. ६ ते १४ वयाच्या मुलाला २००९ चा आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा आहे, वयानुसार वर्गात घ्यायचं असतं, जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वर्ष सुरू झाल्यावर आला म्हणूनही नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेणंसुद्धा चालत नाही, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागत नाही, ते आधी बघून घे. पण मोठीला याचा आधार नाही गं, आरटीई आठवीपर्यंतच. आणि ती नववीत येतेय. नववीच महत्त्वाची.

बी-३०४: काकू नववीचं काय? भाऊ तर म्हणत होता अजून एक वर्ष थांबू का, नववी तिकडेच करून थेट दहावीला येऊ

ए-७०१: अजिबात नको!! त्याला आजच सांग. सीबीएसईत नववी-दहावी मिळून एक कोर्स धरतात, बोर्डाचं रजिस्ट्रेशन नववीत होतं, दहावीला थेट प्रवेश बोर्डाच्या परवानगीशिवाय शाळा देऊच शकत नाही. आयसीएसईतही नववीलाच नोंदणी. म्हणजे नववीत आली तर रस्ता सरळ, दहावीत आली तर प्रत्येक दारात अर्ज. आणि परवानगी मिळाली तरी दीड वर्षाचा अभ्यास त्या पोरीने सहा महिन्यांत करायचा का? माझ्याकडे असं एक मूल आलं होतं, हुशार होतं, पहिल्या चाचणीत शास्त्राच्या पेपरवर फक्त नाव लिहून बसलं होतं. तिकडे हायस्कूलला एका वर्षी बायॉलॉजी, दुसऱ्या वर्षी केमिस्ट्री असं एकेक घेतात, इकडे तिन्ही एकदम.

सचिव: उद्या टाकी सफाई, ११ ते २ पाणी बंद. चर्चा चालू राहू दे.

सी-१०४: मुलीला पुढे काय करायचंय हे विचारलंय का कोणी? त्यावरून बोर्ड ठरवा, शाळेच्या नावावरून नाही

बी-३०४: मेडिकल म्हणते ती, पक्कं

सी-१०४: मग ती दहावीच्या आत येतेय हे फार बरं. महाराष्ट्रात मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाईल तर लागतंच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. माझ्या साडूंची मुलगी दहावी मस्कतला करून आली, बारावी इथे, नीटचे मार्क चांगले, आणि राज्य कोट्याचा फॉर्म भरताना कळलं की बसत नाही. घरात आठ दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही. इंजिनिअरिंगला आईवडिलांच्या डोमिसाईलवरून मार्ग निघतो, मेडिकलला तसं नाही. पासपोर्ट कुठला आहे दोघांचा?

बी-३०४: मोठी इथलीच, पुण्यात जन्म, भारतीय पासपोर्ट. छोटा तिकडचा, ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते कार्ड)

सी-१०४: मोठीचा प्रश्न मिटला. छोट्याचं ओसीआय ४ मार्च २०२१ च्या आधीचं आहे का बघा. त्या तारखेच्या नोटिफिकेशनने ओसीआय मुलांना एनआरआय सीटपुरतंच ठेवलं होतं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधी कार्ड काढलेल्यांना ते लागू नाही. तो अजून लहान आहे, नियम पुन्हा बदलतील, पण पहिलं कार्ड आणि त्यावरची तारीख जपून ठेवा.

डी-१०१: आधारचंही बघा. भारतीय पासपोर्ट असेल तर आल्या आल्या आधार काढता येतं. ओसीआयला १८२ दिवस इथे राहिल्याशिवाय मिळत नाही, आणि शाळेच्या पोर्टलला आधार मागतात

ए-७०१: मागू देत, पण आधार नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट म्हटलंय. ऑफिसात शांतपणे सांगायचं की सहा महिन्यांनी आणून देतो, तसं लेखी लिहून द्यायचं. क्लार्कशी भांडू नका, त्या बिचाऱ्याला पोर्टलवर रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून तो अडून बसतो. हेडमिस्ट्रेसकडे जा.

आणि नावाचं आत्ताच करा. तिकडच्या कागदांवर नाव आणि आडनाव एवढंच असतं, आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव. नववीच्या रजिस्ट्रेशनला जे नाव जाईल तेच दहावीच्या मार्कशीटवर छापून येतं आणि मग जन्मभर तेच. पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचं पत्र, तिन्हींवर एकच स्पेलिंग आहे का ते आज रात्री बसून जुळवायला सांग.

बी-३०४: काकू पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे, तिकडच्या रिपोर्ट कार्डवर नाही 😟

ए-७०१: मग त्या पत्रात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव घालून घ्यायला सांग. पत्र अजून बनलं नाहीये हे चांगलंच झालं.

बी-२०२: सीटचं मी सांगते, मी एका शाळेच्या ऑफिसात आहे. एप्रिलमध्ये सीट नाही म्हणजे कायमची नाही असं नसतं. मे अखेर आणि जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत बदलीवाले पालक दाखले काढायला येतात, तेव्हा जागा होतात. फोनवर नाही म्हणतील, तुम्ही स्वतः जा, कागदांची झेरॉक्स फाईल घेऊन जा आणि वेटिंगला नाव लिहून घेतलं का ते डोळ्यांनी बघून या. नववीत जागा कमी असतात पण अगदीच नसतात असं नाही, काही मुलं आठवीनंतर शाळा बदलतात. आणि डोनेशन मागितलं तर पावती मागा, कॅपिटेशन फीला राज्याचा १९८७ पासूनचा कायदा आहे, आरटीईतही मनाई आहे.

सी-५०२: वेळेचंही बघा. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, त्यामुळे जूनअखेर आली तरी आठ-दहा दिवसच बुडतात. बऱ्याच सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, पण मे सुट्टीतच जातो म्हणजे नुकसान पाच-सहा आठवड्यांचं. ते भरून निघतं. आठवी अर्धवट सोडून आणू नका, पास झाल्याचा कागदच हातात राहणार नाही.

आणखी एक, शाळेशी संबंध नाही पण लिहिते. माझा मुलगा गणितात तिकडे चांगला होता, इथे पहिल्या आठवड्यात वही घेऊन आला आणि म्हणाला, आई पुस्तकात कॉमा चुकीच्या जागी छापलाय. लाख होते ते, १,००,०००. त्याला वाटलं पुस्तकच चुकलंय आणि कोणालाच कळत नाहीये. शास्त्राचं सगळं येत होतं पण पान-पानभर उत्तरं हाताने लिहायची सवय नव्हती, पेपर अर्धा राहायचा, बोट सुजायचं. तीन महिने आम्ही अभ्यास काही घेतला नाही, रोज फक्त एक पान लिहायचं, काहीही. दिवाळीपर्यंत पेपर पूर्ण व्हायला लागला. शाळा कुठली मिळाली यापेक्षा मला ते जास्त आठवतं.

बी-३०४: तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, खरंच डोळ्यात पाणी आलं. आत्ता भावाशी आणि भाचीशी बोलले. ठरलं, नववीलाच येणार, एक वर्ष थांबायचा विषय संपला. पत्राचा मसुदा तो आज करतोय, पूर्ण नावासकट. मोठीसाठी सीबीएसई बघतो, छोट्याला जवळच्या राज्य मंडळाच्या शाळेत. मराठीचं मात्र मी तिलाच विचारलं. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी जायची चार वर्षं. म्हणाली, आत्या मला वाचता येतं पण जोडाक्षर आलं की मी थांबते आणि मग सगळे माझ्याकडे बघतात.

डी-१०१: हे माझ्या मुलीचं अगदी हेच होतं. शाळेला आधीच विचारून ठेवा की नववीत नवीन आलेल्या मुलांचं मराठीचं मूल्यमापन कसं करतात, आम्ही विचारलं नाही आणि उगाच घाबरून राहिलो

ए-७०१: पोरीला माझा नंबर दे. रविवारी आपल्याकडे संध्याकाळी साडेसात म्हणजे तिकडे सकाळचे दहा, तेव्हा व्हिडिओवर बसू अर्धा तास, जूनपर्यंत नऊ-दहा रविवार मिळतील. पाचवीचं बालभारती काढून ठेवते. तिने मोठ्याने वाचायचं, जोडाक्षरापाशी थांबली तर थांबू दे, मी बघणार नाही, मीही पुस्तकातच बघत असेन.